संगणक म्हणतो नव्याण्णव, मद्यार्क म्हणतो पंच्याण्णव

केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक काम दिलं आहे, असं समजा. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी आंबवून जो वॉश तयार होतो, त्यात वजनाने १० टक्के इथेनॉल आहे आणि बाकी सगळं पाणी आहे, असं धरायचं. त्यातून ९९.५ टक्के शुद्धतेचं इथेनॉल काढून दाखवायचं. विद्यार्थी सिम्युलेटर उघडतात. पडद्यावर ऊर्ध्वपातनाचा कॉलम ठेवतात, त्याला तीस टप्पे देतात, वर कंडेन्सर आणि खाली रिबॉयलर जोडतात. मिश्रणाचे गुणधर्म कोणत्या सूत्राने काढायचे, असं सॉफ्टवेअर विचारतं. समोरच्या यादीत डझनभर नावं असतात. त्यातलं पाठ्यपुस्तकात भेटलेलं, ओळखीचं नाव म्हणजे राउल्टचा नियम. तो निवडला, रिफ्लक्स (माथ्यावरून कॉलममध्ये परत सोडलेला द्रव) वाढवत नेला, की गणित सुटतं. वरच्या पाइपातून ९९.५ टक्के इथेनॉल बाहेर पडताना दिसतं. पडद्याचा फोटो जर्नलमध्ये चिकटतो आणि सही मिळते.

असा कॉलम कोणत्याही डिस्टिलरीत चालणार नाही. वातावरणाच्या दाबाला इथेनॉल आणि पाणी यांचं मिश्रण कितीही उकळलं, तरी इथेनॉलचं प्रमाण वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांवर येऊन अडतं. त्या ठिकाणी द्रवात जेवढं इथेनॉल असतं, तेवढंच त्याच्या वाफेतही असतं. उकळून वेगळं करण्याची सगळी कला द्रव आणि वाफ यांच्यातल्या फरकावर उभी असते, आणि इथे तो फरकच संपलेला असतो. अशा मिश्रणाला अझिओट्रोप म्हणतात. शुद्ध इथेनॉल ७८.४ अंश सेल्सिअसला उकळतं आणि हे मिश्रण ७८.२ अंशांना. तिथे पोचल्यावर टप्प्यांची संख्या कितीही वाढवली, तरी उपयोग होत नाही.

यात सॉफ्टवेअरकडून काही चुकलेलं नाही. इथेनॉल आणि पाणी यांचे रेणू एकमेकांशी अगदी सरळ वागतात असं धरून चल, असं विद्यार्थ्याने त्याला सांगितलं होतं आणि ते तसं चाललं. चूक विचारण्यात होती, आणि ती लक्षात यावी अशी कोणतीच पायरी त्या तासात नव्हती. केमिकल इंजिनिअरिंगच्या शिक्षणात सॉफ्टवेअर आलं, ही चांगलीच गोष्ट झाली. पण ज्या वर्गात आधी प्रश्न उभा राहत नाही, तिथे ते महागड्या कॅल्क्युलेटरपेक्षा जास्त काही शिकवत नाही. स्वतः प्रश्न पाडून, माहिती शोधून, पडताळा घेत शिकण्याची पद्धत आणि सिम्युलेटर या दोन्ही गोष्टी एकाच तासात आल्या, तरच त्यांची खरी किंमत कळते.

आलेखापासून पडद्यापर्यंत

या विद्याशाखेचं वय फार नाही. १८८७ साली जॉर्ज डेव्हिस यांनी मँचेस्टरमध्ये केमिकल इंजिनिअरिंगवर बारा व्याख्यानं दिली, तिथून तिचा आरंभ धरतात. १९१५ साली आर्थर लिटल यांनी ‘युनिट ऑपरेशन्स’ ही कल्पना मांडली. साखर असो, साबण असो वा पेट्रोल, प्रत्येक कारखान्यात तापवणं, गाळणं, वाळवणं, ऊर्ध्वपातन अशा मोजक्याच क्रिया वेगवेगळ्या क्रमाने येतात, तेव्हा विद्यार्थ्याने त्या क्रिया शिकाव्यात, असं तिचं सार होतं. आजचे सिम्युलेटर अजूनही याच कल्पनेवर बांधलेले असतात. पडद्यावर आपण जे चौकोन आणि गोल ओढून जोडतो, ती लिटल यांचीच युनिट ऑपरेशन्स असतात.

१९२५ मध्ये एमआयटीतल्या मॅकेब आणि थील या दोघांनी ऊर्ध्वपातनाचा कॉलम आलेखावर सोडवण्याची रीत प्रसिद्ध केली. एका बाजूला द्रव आणि वाफ यांच्यातल्या समतोलाचा वक्र, दुसऱ्या बाजूला कॉलमच्या कामकाजाच्या रेषा, आणि दोहोंच्या मध्ये पट्टीने काढलेल्या पायऱ्या. जितक्या पायऱ्या, तितके टप्पे. आजही आपल्याकडचा प्रत्येक केमिकल इंजिनिअर हा आलेख हाताने काढून पास झालेला असतो. या रीतीत वेळ जातो, पण हात चालत असताना डोळ्यांना काहीतरी दिसत असतं. वक्र आणि रेषा एकमेकांजवळ आल्या, की पायऱ्या बारीक होत जातात आणि शेवटी पेन्सिल एकाच ठिकाणी घुटमळू लागते. अझिओट्रोप म्हणजे काय, हे व्याख्येच्या आधी त्या पेन्सिलीला कळतं.

संगणकाने हा संथपणा संपवला. तेलसंकटानंतर कोळशापासून इंधन काढण्याच्या प्रक्रियांची आकडेमोड करण्याची गरज अमेरिकेला भासू लागली. १९७६ साली तिथल्या सरकारच्या पैशातून एमआयटीत ‘अ‍ॅस्पेन’ नावाचा प्रकल्प सुरू झाला आणि १९८१ मध्ये त्यातून कंपनी उभी राहिली. कॅनडातल्या कॅल्गरीत हायप्रोटेकने ‘हायसिस’ तयार केलं. ज्या हिशेबाला पूर्वी दिवसचे दिवस लागत, तो आता चहा संपायच्या आत होतो. कारखान्याचा यात निखळ फायदा झाला. वर्गात मात्र फायद्याबरोबर एक तोटाही आला. पायऱ्या काढताना जे आपोआप दिसत होतं, ते आता मुद्दाम दाखवावं लागतं.

प्रश्नांवर चालणारे वर्ग

प्रश्नापासून सुरुवात करून शिकवण्याची रीत संगणकाच्या फार आधीची आहे. तिची आधुनिक घडण मात्र वैद्यकशास्त्रात झाली. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ साली सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाने व्याख्यानांच्या मालिकेऐवजी रुग्णाच्या तक्रारीपासून शिकवायला सुरुवात केली. त्याच विद्यापीठात डोनाल्ड वूड्स केमिकल इंजिनिअरिंग शिकवत. समस्या सोडवणं हे कौशल्य वेगळं शिकवावं लागतं, नुसती जास्त उदाहरणं सोडवून घेतली म्हणून ते येत नाही, असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी त्यासाठी स्वतंत्र अभ्यासक्रमच आखला. पुढे इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठाने या पद्धतीसाठी वेगळं केंद्र काढलं.

उद्योगातलं याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण ट्रेव्हर क्लेट्झ यांचं आहे. १९६८ मध्ये ते ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत तांत्रिक सुरक्षा सल्लागार झाले. अपघातांवर व्याख्यान देण्याऐवजी ते पंधरा-वीस इंजिनिअरांना एकत्र बसवत. काय घडलं ते थोडक्यात सांगत, एखाद-दुसरं चित्र दाखवत आणि गप्प राहत. पुढची माहिती हवी असेल तर ती समोरच्यांनी प्रश्न विचारून काढायची. जो प्रश्न कुणी विचारला नाही, त्याचं उत्तरही मिळत नसे. असं पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, हेही त्यांनीच ठरवायचं.

अशा वर्गात फ्लिक्सबरोचा अपघात ठेवून पाहावा. १ जून १९७४ रोजी इंग्लंडमधल्या या कारखान्यात सायक्लोहेक्झेनच्या वाफेचा स्फोट होऊन २८ माणसं गेली. ओळीने सहा रिअ‍ॅक्टर होते. पाचव्याला तडा गेला म्हणून तो काढला आणि चौथ्यापासून सहाव्यापर्यंत २० इंच व्यासाचा पाइप जोडून कारखाना चालू ठेवला. दोन्ही तोंडं एका पातळीवर नव्हती, म्हणून पाइपाला दोन ठिकाणी वाकवावं लागलं. त्याचं नीट डिझाइन झालं नव्हतं. वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढलेली आकृती, एवढंच त्याचं ड्रॉइंग होतं.

आता हाच बदल सिम्युलेटरमध्ये करून पाहा. पाचवा चौकोन पुसायचा आणि चौथ्याची रेष सहाव्याला जोडायची. हिशेब बिनतक्रार जुळतो आणि उत्पादन थोडं घटलेलं दिसतं, इतकंच. पाइपाचा वाक, त्याला मिळालेला अपुरा आधार, दोन्ही टोकांच्या लवचिक जोडांवर येणारा ताण यांतलं काहीच फ्लोशीटवर, म्हणजे प्रक्रियेच्या आकृतीवर, नसतं, कारण तिथे पाइप म्हणजे फक्त एक रेष असते. सॉफ्टवेअरला काय दिसत नाही, हे ओळखणं हा सॉफ्टवेअर शिकण्याचाच भाग आहे. मेनू आणि बटणं शिकवून तो येत नाही. इथे काय सुटलं असेल, असा प्रश्न विचारायची सवय लागली तरच येतो.

इथेनॉलचा तास, नव्याने

मग तोच इथेनॉलचा तास कसा घ्यावा? नियम एकच ठेवायचा. अंदाज लिहिल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

पहिला अंदाज: १० टक्क्यांचा वॉश उकळला, तर त्याच्या पहिल्या वाफेत इथेनॉल किती असेल? प्रत्येकाने आकडा लिहायचा. मग तेच गणित दोन प्रकारे चालवायचं, एकदा राउल्टच्या नियमाने आणि एकदा ‘एनआरटीएल’सारख्या, रेणूंच्या आपसातल्या वागण्याची दखल घेणाऱ्या मॉडेलने. राउल्टच्या हिशेबाने वाफेत वजनाने २० टक्क्यांच्या आसपास इथेनॉल येतं. दुसऱ्या मॉडेलने जवळपास निम्मी वाफ इथेनॉलची निघते. दोघांत इतकं अंतर असेल, तर खरं कुणाचं? इथे शिक्षकाने उत्तर देऊ नये. प्रयोगातून मोजलेले आकडे हँडबुकात छापलेले आहेत, ते शोधायला सांगावं. ते आकडे दुसऱ्या मॉडेलच्या बाजूने उभे राहतात.

हे कळलं, की एक मजेशीर कोडं समोर येतं. राउल्टचा नियम कॉलमच्या तळाशी वेगळं करण्याचं काम आहे त्यापेक्षा फार अवघड सांगतो आणि माथ्याशी फार सोपं. एकच सूत्र दोन टोकांना विरुद्ध दिशांनी का चुकावं? याचं उत्तर शोधताना विद्यार्थी हायड्रोजन बंधांपर्यंत पोचतात. पाण्याच्या रेणूंचा आपसातला बंध घट्ट असतो. त्यांच्या गर्दीत सापडलेला इथेनॉलचा एखादा रेणू उपरा ठरतो, आणि संधी मिळताच वाफेत निघून जातो. म्हणून तळाशी काम सोपं. माथ्यावर परिस्थिती उलटते. तिथे इथेनॉलच्या गर्दीत पाण्याचा रेणू उपरा असतो, आणि तोही उडून जायला बघतो. दोघांची उडण्याची ओढ सारखी झाली, की ऊर्ध्वपातन थांबतं. अकरावीत पाठ केलेला हायड्रोजन बंध इथे पहिल्यांदा वाफेच्या खर्चाशी जोडला जातो.

पुढचा प्रश्न: मग ९९.५ टक्क्यांपर्यंत जायचं कसं? महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला हा प्रश्न परका नाही. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल जवळजवळ पाणीविरहित लागतं, कारण पाणी राहिलं तर पेट्रोल आणि इथेनॉल वेगळे होण्याचा धोका असतो. गावाजवळच्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीने हा प्रश्न रोजच्या रोज सोडवलेला असतो. पण तिथे जाण्याआधी विद्यार्थ्यांना स्वतःच्या कल्पना पारखू द्याव्यात. कुणीतरी दाब कमी करून पाहायला सुचवतंच. सिम्युलेटरमध्ये ते क्षणात होतं आणि उत्तर चकित करणारं असतं. दाब सुमारे ७० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत उतरवला, की अझिओट्रोप नाहीसा होतो. सुटला प्रश्न! मग कारखाने असं का करत नाहीत? तापमानाकडे पाहिलं, की त्याचा उलगडा होतो. इतक्या कमी दाबाला माथ्यावरची वाफ तिशीच्या आसपासच्या अंशांना थंड करून द्रवात आणावी लागते. आपल्या उन्हाळ्यात कूलिंग टॉवरचं पाणीच तितकं गार मिळत नाही. शिवाय विरळ वाफेसाठी कॉलम रुंद हवा, आणि वक्र व रेषा चिकटलेल्याच राहतात, म्हणून टप्पेही भरमसाट लागतात. शास्त्राच्या दृष्टीने शक्य असलेली गोष्ट खर्चात कशी बसत नाही, हे एका तासात कळतं.

अशा वळणांनंतर मॉलिक्युलर सीव्हची गोष्ट आली, तर ती डोक्यात पक्की बसते. ३ अँगस्ट्रॉम छिद्रांच्या झिओलाइटच्या गोळ्यांमध्ये पाण्याचा रेणू शिरतो आणि त्याहून मोठा इथेनॉलचा रेणू बाहेरच राहतो. आता अडथळा उकळण्याच्या गणिताचा नसून आकाराचा आहे, म्हणून अझिओट्रोपला इथे काही स्थान नाही. हीच माहिती पहिल्या तासाला फळ्यावर लिहिली असती, तर ती वहीत उतरली असती आणि परीक्षेनंतर विसरली गेली असती.

बर्फाचा खडा आणि चुरा

अंदाज आधी लिहून घेण्याचा आग्रह कशासाठी, हे अमेरिकेतल्या बकनेल विद्यापीठातल्या मायकल प्रिन्स, मार्गोट व्हिजंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून समजतं. उष्णतेबद्दल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या मनात कोणत्या चुकीच्या समजुती घट्ट बसलेल्या असतात, याचा त्यांनी माग घेतला. त्यातली एक अशी: दोन पेल्यांत सारखंच पाणी आहे. एकात बर्फाचा एक खडा टाकला आणि दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा बर्फाचा चुरा. बाहेरून उष्णता येत नाही असं धरलं, तर कोणतं पाणी शेवटी जास्त गार होईल? अनेक जण चुरा म्हणतात. चुऱ्याने पाणी लवकर गार होतं हे खरं, पण शेवटचं तापमान दोन्हीकडे तेच असतं. वेग आणि प्रमाण यांची ही गल्लत उष्णतेची समीकरणं बिनचूक सोडवणाऱ्यांच्या मनातही टिकून राहते, कारण समीकरण सोडवताना तिला कुणी हात लावलेला नसतो.

यावर या संशोधकांनी छोट्या कृती तयार केल्या. आधी अंदाज लिहायचा, मग प्रयोग करायचा किंवा सिम्युलेशन चालवायचं, आणि दोन्ही जुळले नाहीत तर का, ते मांडायचं. या कृतींनंतर समज सुधारल्याचं त्यांना आढळलं. अंदाज लिहिलेला असला, की चुकीपासून पळता येत नाही. लिहिलेला नसेल, तर निकाल पाहिल्यावर प्रत्येकाला वाटतं, आपल्यालाही हेच वाटलं होतं.

पवईची देणगी

आपल्याकडे सिम्युलेटर वर्गात आणण्यात पहिली अडचण पैशाची होती. व्यावसायिक सिम्युलेटरचे परवाने महाग. गाजलेल्या संस्थांना ते परवडतात, तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात मात्र अनेकदा एखाद्याच संगणकावर काम भागवावं लागतं. पवईच्या मुंबई आयआयटीतल्या ‘फॉसी’ प्रकल्पाने यातून वाट काढली. केंद्र सरकारच्या मदतीने चालणाऱ्या या प्रकल्पाची धुरा केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांनी दीर्घकाळ सांभाळली. ब्राझीलच्या डॅनियल मेदेइरोस यांनी लिहिलेला ‘डीडब्ल्यूसिम’ हा मुक्त सिम्युलेटर या प्रकल्पाने देशभरातल्या महाविद्यालयांपर्यंत नेला. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात संगणकावरची कौशल्यं मराठीसह अनेक भारतीय भाषांत शिकता येतात.

याचा सर्वांत चांगला उपयोग फ्लोशीटिंगच्या उपक्रमात दिसतो. विद्यार्थी प्रकाशित साहित्यातून एखादी प्रक्रिया निवडतात, ती डीडब्ल्यूसिममध्ये उभी करतात, तिची तपासणी होते आणि मग ती सर्वांसाठी खुली केली जाते. छापलेल्या आकड्यांशी आपले आकडे जुळेनात, की शोध आपोआप सुरू होतो. मॉडेल चुकीचं निवडलं का, एखादी अट नजरेतून सुटली का, की मूळ लेखातच काही राहून गेलं? सोर्स कोड उघडा असल्यामुळे सॉफ्टवेअरच्या पोटात काय शिजतं, तेही पाहता येतं.

पवईतच तयार झालेलं ‘सिंगल बोर्ड हीटर सिस्टिम’ हे उपकरणही या संदर्भात पाहण्यासारखं आहे. एक छोटी धातूची पट्टी, ती तापवणारी कॉइल, गार करणारा पंखा आणि तापमान मोजणारा सेन्सर, एवढाच त्याचा पसारा. विद्यार्थी इंटरनेटवरून दूर बसून ते चालवू शकतो. हीटरचा जोर वाढवला, की तापमान लगेच वाढत नाही. आधी काही काळ जातो, मग ते हळूहळू चढतं. कंट्रोलच्या पुस्तकात दोन अक्षरांनी दाखवलेला हा विलंब इथे डोळ्यांसमोर घडतो. मध्येच पंख्याचा वेग बदलला, की आपण बसवलेला कंट्रोलर किती टिकतो, तेही समजतं. हे सिम्युलेशन नाही. पट्टी खरी आहे, म्हणून आकडे थोडे हलतात, आणि ते का हलतात असा प्रश्न पडतो.

आक्षेप आणि त्यांचं उत्तर

या पद्धतीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप २००६ साली किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघांनी नोंदवला. नवख्या माणसाच्या कामचलाऊ स्मृतीत एका वेळी थोडंच मावतं. त्याला मार्गदर्शनाशिवाय प्रश्नात सोडून दिलं, तर तो शोधत बसतो, शिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच आहे. ज्याला वस्तुमानाचा ताळेबंद मांडता येत नाही, त्याच्यापुढे रिकामा सिम्युलेटर ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. पण या आक्षेपाचा रोख मोकाट सोडण्यावर आहे. वर सांगितलेल्या इथेनॉलच्या तासात शिक्षक गप्प असतो, पण गैरहजर नसतो. कोणता प्रश्न कोणत्या क्षणी टाकायचा, हँडबुक केव्हा पुढे करायचं, फसलेल्या गटाला किती वेळ फसू द्यायचं, हे सगळं त्याने आधी ठरवलेलं असतं. आणि पहिला कॉलम हातानेच सोडवायचा, यात तडजोड नको. उत्तराचा अंदाज बांधायला हाताने सोडवल्याचा अनुभव लागतो.

दुसरी अडचण जास्त व्यवहारी आहे. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, विद्यापीठाने नेमून दिलेला अभ्यासक्रम, आणि ‘अमुक सॉफ्टवेअर वापरून तमुक सोडवा’ अशी प्रात्यक्षिकांची यादी. वर्षभर प्रश्न विचारायला शिकवायचं आणि शेवटी गुण मात्र उत्तराला द्यायचे, असं असेल तर हुशार विद्यार्थी गुण जिथे असतील तिथे जातात. म्हणून सुरुवात परीक्षेपासूनच करावी. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत रिकामी फाइल देऊ नये. पूर्ण सोडवलेली फाइल द्यावी, जिच्यात कॉलम सुरळीत चाललेला दिसतो आणि कुठेतरी एक निवड चुकलेली आहे: कधी गुणधर्मांचं मॉडेल, कधी पंपाच्या आधी उकळणारा द्रव, तर कधी कंडेन्सरमध्ये मिळणार नाही इतकं गार पाणी. ही फाइल कारखान्याला द्यावी का, आणि देऊ नये तर का, एवढंच विचारावं. अशा प्रश्नपत्रिकेला नवं सॉफ्टवेअर लागत नाही, जादा तास लागत नाहीत आणि अभ्यासक्रम बदलायची परवानगीही लागत नाही. ती एकदा हातात पडली, की पुढच्या वर्षीची मुलं यादीतल्या ओळखीच्या नावावर क्लिक करण्याआधी थांबतील.